नुसती सर्दी

१४ सप्टेंबर

विहीणबाई,

नमस्कार. जावईबापूंचा निरोप मिळाला, की तुम्ही दोघी फोनवर एकाच वेळी बोलता आणि ऐकत कुणीच नाही, तेव्हा जे काय असेल ते एकमेकींना पत्राने कळवा. मला पटलं. पत्रात निदान समोरचीला मध्ये तोंड घालता येत नाही.

परवा यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. सारं आयुष्य काच कारखान्यात नळीने बाटल्या फुंकण्यात गेलं, आता जिना चढताना मध्ये टेकावं लागतं. स्वतःच म्हणतात, ‘कुणी फुकट फुगा दिला तरी मला नको बुवा.’ डॉक्टर म्हणाले, थंडीत एक विषाणू फिरतो, आर. एस. व्ही. नावाचा. धडधाकट माणसाला त्याने नुसती सर्दी होते, पण यांच्यासारख्यांच्या छातीत आणि तान्ह्या बाळांच्या छातीत तो खाली उतरतो, मग श्वास घेणं कठीण होतं. त्यावर खास औषध नाही, पण लस आहे. म्हाताऱ्यांसाठी आहे आणि पोटातल्या बाळासाठीही आहे, म्हणजे आईला शेवटच्या महिन्यांत टोचतात आणि संरक्षण बाळाला मिळतं.

माझ्या लेकीला आठवा लागतोय. तिला घेऊन जाल का? तिची नोकरी तिथे, घर तिथे, बाळंतपणही तिथेच व्हायचं आणि यांना सोडून मला हलता येत नाही. म्हणून उंटावरून शेळ्या हाकते आहे. तुमच्या घरात ढवळाढवळ करायचा हेतू नाही.

तुमची विहीण


२५ सप्टेंबर

विहीणबाई, नमस्कार.

पत्र वाचून करमणूक झाली. आर. एस. व्ही.! आजाराचं नाव आहे की गाडीचा नंबर? आमच्या वेळी आजारांनाही साधी माणसांसारखी नावं असायची.

अहो, चिरंजीव चार वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले, तेव्हापासून मी पाळणाघर चालवते. ओल्या नाकाची एवढी पोरं ह्या पदराने पुसली आहेत की पदराला रंग उरला नाही. नाक वाहतं म्हणून मी आजवर एकाही पोराला घरी पाठवलेलं नाही. नोकरी करणाऱ्या आया कुठे जातील? मी त्यांना सांगते, शेंबूड हा आजार नव्हे, ते वय आहे. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात. सर्दीवर लस निघाली, उद्या शिंकेवर सलाईन निघेल.

सूनबाईला तिच्या डॉक्टरीणबाईंनीही विचारलं होतं म्हणे. मी तिला म्हटलं, तुझी तू ठरव. ती म्हणाली, ‘आई, तुम्ही म्हणाल तसं.’ गुणाची आहे हो पोर. मग राहू दे म्हटलं. तुम्ही निर्धास्त राहा, तुमची लेक आता आमची जबाबदारी आहे.

यांना, म्हणजे तुमच्या यांना, माझा नमस्कार. फुग्याचं वाचून फार हसू आलं.

तुमची विहीण


८ ऑक्टोबर

विहीणबाई,

बरं. तुम्ही म्हणता तर राहिलं. लेकीशी फोनवर बोलले, तिचंही तेच, ‘आई, कशाला उगाच वाद?’ मुलगी दिली की बोलायची पद्धतही देऊन टाकायची असते हे मला जरा उशिरा कळतं.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. शिंकेवरच्या सलाईनला इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि पाठ चोळत बसावं लागलं. आता स्वतःची लसही घेत नाहीत. ‘विहीणबाई बरोबर बोलतात, मी काय तान्हा आहे?’ म्हणे. मी ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करते, माझं कोण ऐकणार? तुमचा मात्र या घरात शब्द चालतो.

विहीण


१५ नोव्हेंबर

विहीणबाई, अभिनंदन! आजीबाई झालात!

फोनवर रडण्यात सगळं राहून गेलं म्हणून लिहिते. नात तुमच्यावर गेली आहे, भुवया आत्ताच वर चढवून बघते, जणू मी काहीतरी चुकीचं शिवलं आहे. मी तिला ठकूबाई म्हणते. दवाखान्यात म्हणाले, आईने लस घेतली नसेल तर बाळालाच एक इंजेक्शन देता येतं, त्याच तुमच्या तीन अक्षरांवरचं. एवढीशी मांडी हो, तिला किती भोकं पाडायची? चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

एक विनंती आहे, रागावू नका. इतक्यात यायची घाई करू नका. घर लहान, त्यात पाळणाघराची पोरं दिवसभर येऊन-जाऊन, सूनबाईही अजून अंग धरत नाहीये. नवं वर्ष लागलं की निवांत या.

तुमची विहीण


२२ नोव्हेंबर

विहीणबाई,

नात बघायला आजोबांना तारीख घ्यावी लागते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शेजारपाजारची पोरं दिवसभर येऊन-जाऊन चालतात, आईच्या आईने आणि बापाने तेवढं यायचं नाही. ठीक आहे. मुलीकडचे आम्ही, आम्ही काय, पायरीवर उभं राहायलाही तयार आहोत.

हे म्हणाले, असं लिहू नकोस. पण मी लिहिणार. एकदा ‘येऊ नका’ म्हणालात, सहन केलं. दुसऱ्यांदा म्हणालात तर तुमच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही, तुम्ही आमंत्रणाची पालखी पाठवलीत तरी. जानेवारीच्या बारा तारखेची तिकिटं काढली आहेत. यांनी जुन्या मित्राच्या भट्टीवर जाऊन ठकूबाईसाठी काचेचा हत्ती करून आणला. सोंड स्वतः फुंकली म्हणतात. घरी आल्यावर दोन दिवस पडून होते, पण खूश आहेत.

विहीण


२ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

अक्षराला हसू नका, बाकावर बसून मांडीवर कागद धरून लिहिते आहे. इथे चहाचं मशीन आहे, त्याला चहा म्हणायचं धाडस मात्र मला होत नाही.

सूनबाईचा फोन बिघडला आहे, म्हणून ती तीन-चार दिवस तुमच्याशी बोलली नाही. काळजी करू नका. बाळाला जरा सर्दी झाली होती, आता उतार आहे. तान्हं पोर म्हटलं की नाक वाहणारच. सूनबाई सारखी रडत असते पण पहिलटकरीण आहे, तिला प्रत्येक शिंक म्हणजे आभाळ कोसळल्यासारखी वाटते. चिरंजीव आत तिच्याजवळ आहेत. आत एका वेळी एकालाच बसू देतात, म्हणजे खोली लहान आहे ना म्हणून.

तुम्ही ठरल्याप्रमाणे बारा तारखेला अवश्य या. घर तुमचंच आहे. यांना म्हणावं, ठकूबाई हत्तीची वाट बघते आहे.

तुमची विहीण


२१ जानेवारी

विहीणबाई,

सुखरूप पोचलो. पाहुणचारात कसलीही कमतरता ठेवली नाहीत, ते सांगायलाच हवं. नोव्हेंबरात मी जरा टोचून लिहिलं, ते मनातून काढून टाका.

एकच विचारते. बाळ फार उतरलं आहे हो. फोटोत गाल होते, ते कुठे गेले? आणि दोन्ही गालांवर लाल डाग होते, नाकाच्या दोन्ही बाजूंना, अगदी सारख्या मापाचे. तुम्ही म्हणालात, तिची तिनेच नखं मारून घेतली. मी जन्मभर कापडावर खुणा करते, विहीणबाई. नखं एवढी मापात लागत नाहीत. पण लेक काही बोलली नाही, मग मीही नाही बोलले.

यांना आयुष्यात इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं. दुपारभर तिला छातीवर घेऊन आरामखुर्चीत पडून असायचे. ती खोकली की हे खोकायचे, जावईबापूंनी त्याला जुगलबंदी म्हटलं. तिची बोटं हे तोंडात काय धरायचे, मुके काय घ्यायचे! येताना गाडीत शिंकायला लागले. मी ओरडले तर म्हणाले, ‘नातीने दिलेली पहिली भेट आहे, नाही कशी म्हणू?’

विहीण


२७ जानेवारी

विहीणबाई,

पत्र आत्ताच हातात पडलं, तसंच लिहायला बसले. फोन करत होते, तुमचा लागत नाही. यांना ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. उद्या-परवा नको, पत्र वाचून होताच न्या. छाती तपासून घ्या, श्वास मोजायला सांगा. बोटाला लावतात ते यंत्र लावायला सांगा. घरी काढे वगैरे करत बसू नका.

विशेष काही नाही, आपली काळजी म्हणून लिहिते आहे.

तुमची विहीण


५ मार्च

सौ. विहीणबाई,

काय लिहू? चिरंजीव येऊन गेले, त्यांनी सगळं सांगितलं. बाळ आणि पाळणाघर सोडून मला निघता आलं नाही याची खंत जन्मभर राहील. एवढा हसरा माणूस. पण वय झालं होतं आणि छाती मुळातच अधू होती, दैवापुढे कुणाचं चालतं? साधी सर्दी काय ती निमित्ताला झाली. तुम्ही मन घट्ट करा, लेकीकडे बघून दिवस काढा.

कधीही या. घर तुमचंच आहे.

तुमची विहीण


२० मार्च

विहीणबाई,

सवयीने ‘सौ.’ लिहिलंत. असू दे, माझाही हात अजून दोन कप काढतो.

तुमचं जानेवारीतलं घाईचं पत्र आलं तेव्हा हे इस्पितळात होते आणि मी त्यांच्यापाशी. पत्र दाराखाली पडून राहिलं, सगळं संपल्यावर घरी आले तेव्हा पायाखाली आलं. त्यात ‘विशेष काही नाही’ असं लिहिलं होतं.

यांना यंत्रावर ठेवल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ‘घरात तान्हं बाळ होतं का? आजारी होतं का?’ मी म्हटलं, ‘होतं, पण नुसती सर्दी.’ मी तुमचेच शब्द बोलले. त्यांनी तपासणीचा कागद दाखवला, त्यावर तीच तीन अक्षरं होती, ज्यांना तुम्ही गाडीचा नंबर म्हणाला होतात. माझी लेक आली ती कॉरिडॉरमध्येच खाली बसली आणि बोलायला लागली. नाताळाच्या सुट्टीपासून बाळ इस्पितळात होतं. ठकूबाईच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या, दूध पिताना धाप लागून ती स्तन सोडून द्यायची. नाकात नळ्या होत्या आणि त्या गालांना चिकटपट्टीने चिकटवल्या होत्या. ते डाग त्या पट्ट्यांचे होते. आम्ही पोचायच्या जेमतेम आधी तिला घरी आणलं होतं. घरी सोडताना नर्सने बजावलं होतं, अशी बाळं बरी दिसली तरी आणखी काही आठवडे विषाणू देऊ शकतात, म्हाताऱ्यांना आणि छातीच्या आजाऱ्यांना लांब ठेवा. तुम्ही तिथे होतात. लेक म्हणते, तुम्ही तिला म्हणालात, ‘तुझ्या बाबांच्या जिवाला घोर नको, आपण सांगायला नको.’

बाबांच्या जिवाला घोर नको!

तुमच्या पाळणाघराला कुणी नाव ठेवू नये म्हणून तुम्ही झाकलंत. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी, पण ती मूठ तुम्ही माझ्या नवऱ्याच्या छातीवर नेऊन उघडलीत. शिवताना आम्ही कापडात थोडी माया ठेवतो, पुढेमागे सोडता यावं म्हणून. तुमच्या बाबतीत आत कितीही शोधली, आता एक बोटभरसुद्धा उरलेली नाही.

पत्राला उत्तर देऊ नका.


३ एप्रिल

विहीणबाई,

उत्तर देणार. फाडून टाकायचं असेल तर वाचून फाडा.

तुम्हाला वाटतं मी पाळणाघराची अब्रू राखली? ती राहिली कुठे? पाळणाघरातला मधल्या खाटेवरचा गोट्या खोकत होता, त्याला कडेवर घेतलं, त्याच हातांनी ठकूला उचललं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांच्यासमोर हे सांगितलंच की मी. अतिदक्षता विभागाच्या बाहेर त्या बाकावर बसून देवाजवळ मागितलं, माझा श्वास घे पण तिला दे. तुम्हाला पत्र लिहायला घेतलं तेव्हा पहिल्या कागदावर खरं तेच लिहिलं होतं. पोर वाचत नाही, येऊ नका.

मग तुमचं नोव्हेंबरचं पत्र आठवलं. पायरीवर उभे राहू, दुसऱ्यांदा ‘येऊ नका’ म्हणालात तर पाऊल टाकणार नाही! मुलीच्या आईला दोनदा दार बंद करणारी विहीण कुठली, असं सगळ्या नात्यात झालं असतं. सूनबाईनेच मला म्हटलं होतं, ‘आई एकदा दुखावली की जन्मभर बोलत नाही.’ कागद फाडला आणि दुसरा लिहिला. तोवर बाळाला खरंच उतार पडला होता. नर्स काय म्हणाली ते ऐकलं होतं, पण तुम्ही गाडीत बसायला निघाला होतात. पाहुण्याला, तेही विहिणीला, कसं सांगायचं? तुम्ही सांगितलं असतंत का मला? छातीवर हात ठेवून लिहा.

आणि तुमच्या यांनी लस घेतली नाही, तीही माझ्या विनोदामुळे? हसा असं मी लिहिलं नव्हतं. बायकोचं ऐकायचं की विहिणीच्या पत्राला हसायचं हे त्यांचं त्यांना ठरवता येत होतं.

हे शेवटचं लिहायला नको होतं, पण आता खोडत नाही.


३० ऑक्टोबर

विहीणबाई,

इतके महिने मी लिहिलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. आजही देणार नाही.

लेक फोनवर रडते. म्हणते, बाळ उभं राहायला लागलंय, एकदा बघून जा. मला सांगायला नको, मी रोज फोटो बघते. यांच्यानंतर या घरात फोटोच आहेत. तुम्ही आता नाक वाहणारी पोरं दारातूनच परत पाठवता, म्हणून निम्म्या आयांनी पोरं काढून घेतली, असं ती म्हणाली. मला वाईट वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात तिचा पहिला वाढदिवस. बारा तारखेला सकाळच्या गाडीने येते. लस मी घेतली आहे. एवढ्यासाठी कुणाला जावं लागलं ते डॉक्टरांना सांगत बसले नाही, नुसता हात पुढे केला. तुमच्या घरी येते आहे ती नातीसाठी आणि लेकीसाठी. तुमच्याशी गोड बोलायला जमेल असं वाटत नाही, तुम्हीही प्रयत्न करू नका. दोन दिवस तिला मांडीवर घेईन आणि परत येईन. वर्षभरात मला दुसरं काही नको झालंय.


९ नोव्हेंबर

विहीणबाई,

हे पत्र माणसाहाती पाठवते आहे, गाडी सुटायच्या आत पोचावं म्हणून. सूनबाईचा आणि माझा वाद झाला. ती म्हणते, आईने वर्षभर वाट पाहिली, एवढ्याशा खोकल्यासाठी तिला परत पाठवू नका. मी ऐकलं नाही.

ठकूबाईला काल ताप आला, नाक वाहतंय. तपासणी केली. पुन्हा तेच आहे, एकदा झालं म्हणून परत होत नाही असं नसतं. ह्या वेळी हलकं आहे, ती खेळते आहे, दूध पिते आहे, घरीच आहे. हे सगळं खरं आहे, वाटल्यास डॉक्टरांना फोन करा, त्यांचा नंबर पाठीमागे लिहिला आहे. तुम्ही लस घेतली आहे हे माहीत आहे, पण त्याने धोका कमी होतो, संपत नाही, हेही विचारून घेतलं.

तुमची बॅग भरून झाली असेल. ती वर्षाची होताना तुम्ही जवळ नसाल आणि याचं कारण मी असेन. मला शिव्या घाला, नात्यात सांगा, पुन्हा कधी दारात पाऊल टाकू नका.

विहीणबाई, येऊ नका.


१० नोव्हेंबर

विहीणबाई,

पत्र वेळेवर मिळालं. तिकीट परत केलं, बॅग अजून उघडली नाही. तिच्यासाठी शिवलेला झगा ह्याच माणसाबरोबर पाठवते आहे, आधी धुऊन मग घाला. सारखी वाढते म्हणून जरा मोठाच शिवला आहे.

तुम्ही बरोबर केलंत. फक्त एवढे दोन शब्द लिहायला तुम्ही शिकावंत म्हणून माझं माणूस खर्ची पडलं.